फोटो खरा, ओळ खोटी

जुन्या फोटोंच्या बाबतीत एक युक्तिवाद आता इतका रुळला आहे की तो करणाऱ्यालाही आपण काही वादग्रस्त बोलतो आहोत असे वाटत नाही. फोटो मनाला भिडतो ना? मग तो नेमका कोणत्या साली निघाला, कोणी काढला, त्यातली माणसे कोण, याचा कीस कशाला पाडायचा? कोणी चार ओळींत त्यामागची गोष्ट सांगितली, वाचणाऱ्याला गलबलून आले, दोन मिनिटे का होईना त्याची इतिहासाशी गाठ पडली. एवढे पुरे आहे. बाकीचे अभ्यासक बघून घेतील.

असे म्हणणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आकस नाही. त्यांच्या हौसेमुळे कितीतरी फोटो माळ्यावरच्या ट्रंकांतून बाहेर आले आणि लोकांनी पाहिले. पण त्यांचे हे म्हणणे मला मुळातच अमान्य आहे. ते चुकीचे तर आहेच, शिवाय ज्या माणसांविषयी आपल्याला कळवळा वाटतो असे आपण म्हणतो, त्यांच्यावर ते अन्याय करते. हे हवेत बोलण्यापेक्षा एका फोटोवरूनच बोलू.

तो फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. हाडांचे सापळे झालेली काही माणसे, बायका आणि मुले. फासळ्या मोजता येतील, गुडघे मांड्यांपेक्षा रुंद. काही जण जमिनीवर बसलेले, काही मागे कसेबसे उभे, बहुतेकांचे तोंड कॅमेऱ्याकडे. खाली ओळ असते: १९४३ चा बंगालचा दुष्काळ. पुढे चर्चिलच्या क्रूरपणाबद्दल दोन-चार वाक्ये. दरवर्षी हा फोटो नव्याने फिरतो. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतही तो याच ओळीसह येतो.

तो बंगालचा नाही आणि १९४३ चाही नाही. तो विलोबी वॉलेस हूपर या मद्रासच्या घोडदळातल्या अधिकाऱ्याने काढला. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि दक्षिण हिंदुस्थानात जो भीषण दुष्काळ पडला, त्यात मद्रास इलाख्यातल्या उपाशी माणसांचे त्याने फोटो काढले. हा त्यांतलाच एक. तो निघाला तेव्हा विन्स्टन चर्चिल दोन-तीन वर्षांचा होता.

यावर मिळणारे उत्तर मला पाठ आहे. दोन्ही वेळी राज्य इंग्रजांचे, दोन्ही वेळी माणसे भुकेने मेली. साठ-पासष्ट वर्षे इकडची तिकडे झाली तर असे काय बिघडले?

बिघडले ते हे. १८७७ ची माणसे ज्या कारणांनी मेली ती कारणे त्यांची स्वतःची होती. १ जानेवारी १८७७ ला व्हाइसरॉय लिटनने दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले, त्या वेळी दक्षिणेत माणसे गावे सोडून अन्नाच्या शोधात निघाली होती. त्याच महिन्यात लिटनने सर रिचर्ड टेंपलला दुष्काळी भागात पाठवले. या टेंपलची मागची हकीकत मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८७३-७४ मध्ये बिहारमध्ये धान्य तुटले तेव्हा त्यानेच ब्रह्मदेशातून भरपूर तांदूळ आणवला होता आणि तिथे मृत्यू फारच थोडे झाले. त्याबद्दल त्याला शाबासकी मिळायला हवी होती. मिळाला तो उधळेपणाचा ठपका. मद्रासला येताना तो हा ठपका पुसायच्या तयारीनेच आला. मदतकामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा, बायकांना आणि मुलांना त्याहून कमी, असा दर त्याने ठरवला. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, आणि तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची, माती वाहायची. मद्रासचा सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश याने हा दर माणूस जगवायला पुरेसा नाही, असे बजावत सरकारशी उघड वाद घातला. मुंबई इलाख्यात मजुरांनी या दराने काम करायला नकार देऊन कामेच सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम काढला. धान्याची निर्यात मात्र थांबली नाही. या दुष्काळात पन्नास लाखांहून अधिक माणसे गेली असे अंदाज आहेत.

१९४३ ची कारणे सर्वस्वी निराळी. जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर तिकडचा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून बंगालच्या किनारपट्टीतल्या होड्या आणि धान्यसाठे सरकारने काढून घेतले. ऑक्टोबर १९४२ मध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळाने झोडपले. युद्धखर्चाने महागाई भडकली, प्रांतांनी एकमेकांकडे धान्य जाऊ द्यायचे नाकारले आणि लंडनने धान्यासाठी पुरेशी जहाजे दिली नाहीत. मृतांचा आकडा सुमारे तीस लाख मानला जातो. यात चर्चिलच्या मंत्रिमंडळाची जबाबदारी मोठी आहे आणि ती निर्विवादपणे मांडता येते. ती मांडायला १८७७ ची माणसे लागत नाहीत.

आता 'बिघडले काय' याचा हिशेब करू. एकाच खोट्या ओळीने तीन वेगवेगळ्या लोकांचे नुकसान झाले. मद्रास इलाख्यातली ती माणसे पहिल्यांदा भुकेने मेली, आणि आता आपण त्यांचा दुष्काळ दुसऱ्याच्या नावावर चढवला. टेंपल, लिटन, कॉर्निश, ती मजुरी, तो संप, हे सगळे त्या फोटोला चिकटलेले होते. आपण ते सोलून काढले. आज 'टेंपलचा दर' किती शिकलेल्या मराठी माणसांना माहीत आहे? दुसरे नुकसान १९४३ च्या बळींचे. त्यांचे स्वतःचे फोटो अस्तित्वात आहेत आणि ते मागे पडले. त्यांच्याकडे शेवटी वळणारच आहे. तिसरे नुकसान आपल्या खटल्याचे. वसाहतवादी राज्याचा बचाव करायला टपलेला कोणीही माणूस हा फोटो पुढे करून विचारू शकतो: 'तुमचा पुरावाच जर खोटा, तर तुमचा आरोप खरा कशावरून?' हे हत्यार त्याच्या हातात कोणत्या शत्रूने दिलेले नाही. ते आपणच दिले, आणि तेही गहिवरून.

शिवाय 'तपशिलाने गोष्ट कोरडी होते' हा समज निदान या फोटोच्या बाबतीत तरी टिकत नाही. हूपरचीच पुढची हकीकत घ्या. १८८५-८६ मध्ये इंग्रजांनी उत्तर ब्रह्मदेश घेतला तेव्हा हा हूपर मंडालेत प्रोव्होस्ट मार्शल होता. डाकू ठरवलेल्या ब्रह्मी माणसांना गोळ्या घालताना त्याने कॅमेरा लावला आणि गोळी सुटण्याचा क्षण काचेवर टिपता यावा म्हणून हुकूम आणि फोटोची वेळ जुळवली, असा आरोप त्याच्यावर झाला. लंडनच्या वर्तमानपत्रांत आणि पार्लमेंटमध्ये गदारोळ झाला, चौकशी झाली, आणि त्याला किरकोळ समज मिळाली. मरणाऱ्या माणसाला थांबवून धरणारा आणि उपाशी माणसांना ओळीत बसवणारा कॅमेरा एकाच माणसाचा होता, हे कळल्यावर मद्रासचा तो फोटो मला पूर्वीसारखा पाहता येत नाही. कोणी त्यांना तिथे बसायला सांगितले? कॅमेरा तयार होईपर्यंत ती किती वेळ तशीच ताटकळली? त्या काळी काचेवर ओला रासायनिक थर द्यायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा, अशी पद्धत चालायची. त्यात झटपट काही टिपता येत नसे. म्हणजे हा फोटो जाता जाता घेतलेला नाही. तो सावकाश, विचारपूर्वक मांडलेला आहे. कोणत्याही रचलेल्या गोष्टीपेक्षा ही हकीकत जास्त हादरवणारी आहे, आणि ती हाती लागते ती केवळ साल आणि नाव नीट ठेवल्यामुळे.

इथे कोणी अधिक हुशारीचा आक्षेप घेईल: जर फोटोच मांडलेले असतात, कॅमेराच खोटे बोलतो, तर फोटोओळीच्या खरेपणाचे एवढे स्तोम का? फेलिचे बेआटोने लखनौच्या सिकंदरबागेचा काढलेला प्रसिद्ध फोटो यासाठी नेहमी पुढे केला जातो. सिकंदरबागेत नोव्हेंबर १८५७ मध्ये इंग्रजी फौजेने सुमारे दोन हजार बंडवाल्यांना मारले. बेआटो लखनौला पोचला तो पुढच्या वर्षी, मार्च १८५८ नंतर. फोटोत अंगणभर हाडे आणि कवट्या पसरलेल्या दिसतात. मारलेल्यांचे अवशेष फोटोसाठी पुन्हा बाहेर काढून मांडले गेले होते.

हे खरे आहे. पण हे आपल्याला कळले कसे? कत्तलीची तारीख कोणीतरी नोंदवली होती, बेआटो लखनौला कधी आला ते नोंदलेले होते, आणि त्या मांडणीबद्दल त्या काळच्या माणसांनी लिहून ठेवले होते. म्हणजे फोटोची लबाडी पकडायलाही तारीख, ठिकाण आणि नावच लागते. ओळीचा आग्रह सोडला की बेआटोची मांडणी 'कत्तलीनंतर लगेचचे दृश्य' म्हणून कायमची खरी ठरते. या आक्षेपाने माझाच मुद्दा बळकट होतो.

दुसरे उत्तर मला अधिक गंभीर वाटते, कारण त्यात सामान्य माणसाची बाजू घेतल्याचा आव आहे. पुरावे मागणे हा विद्वानांचा माज आहे, असे ते उत्तर. ज्याला अभिलेखागारात जाता येत नाही, इंग्रजी ग्रंथ वाचता येत नाहीत, त्याने जुने फोटो दाखवायचेच नाहीत का?

सामान्य माणसाला त्याचा चेहरा आणि नाव कोणी नाकारले, हे पाहायचे असेल तर या देशातल्या फोटोंचा जुना इतिहासच बघावा. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये लंडनहून काढले. त्यातली माणसे एकीकडे काढलेली आणि मागची इमारत किंवा देखावा दुसरीकडून आणून जोडलेला, असे कितीतरी फोटो आहेत. आज हीच चित्रे 'दीडशे वर्षांपूर्वीची मुंबई' म्हणून फिरतात. ज्या जागी ती माणसे कधी उभीच नव्हती त्या जागी आपण त्यांना उभे पाहतो. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड काढले. त्यात साडेचारशेहून अधिक फोटो. बहुतेकांखाली माणसाचे नाव नाही. जमात आहे, प्रदेश आहे आणि तिच्या 'स्वभावा'वर शेरे आहेत. बसलेला माणूस कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा होता, तो त्या दिवशी तिथे का आला, हे त्या सरकारला जाणून घ्यायचेच नव्हते.

आता आपल्याकडे फिरणारी ओळ पाहा: 'दुर्मिळ फोटो, जुन्या काळची मराठमोळी स्त्री.' नऊवारी, नथ, अंबाड्यात फूल, एक हात लाकडी टेबलावर. कोणाच्या तरी घरातली ती पणजी असते. तिचे नाव, तिचे गाव, फोटो काढायला ती कोणासोबत गेली, हे माहीत असलेले माणूस कदाचित अजून हयात आहे. कोणीतरी तो फोटो घरातून घेतला, दुसऱ्याने पुढे दिला, तिसऱ्याने त्यावर ओळ घातली, आणि पणजीची 'मराठमोळी स्त्री' झाली. वसाहतीच्या साहेबाने जे मुद्दाम केले, ते आपण आपल्या माणसांना प्रेमाने करतो आहोत. मग सामान्यांच्या बाजूचा कोण, नाव मागणारा की नाव पुसणारा?

आणि खरे सांगायचे तर इथे विद्वानांची गरज फार थोडी लागते. घरातले म्हातारे माणूस शेजारी बसवावे आणि फोटो त्याच्या हातात द्यावा. ते बोट ठेवून सांगेल, ही माझी धाकटी आत्या, ही तिची जाऊ, हा मधला मुलगा पुढे तापाने गेला, त्या खुर्चीचा पाय मोडका होता म्हणून मामा असा कडेला रेलला आहे. कुठल्याही अभिलेखागारात ही माहिती नाही. ती त्या एका डोक्यात आहे, आणि ते डोके आणखी किती वर्षे आहे हे कोणाला सांगता येत नाही. फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले असते, जाड पुठ्ठ्यावर स्टुडिओचे नाव आणि शहर छापलेले असते. तेही बघावे, आणि फोटो पुढे पाठवताना पुठ्ठा कापून टाकू नये. जे कळले ते लिहावे. जे कळले नाही तिथे 'माहीत नाही' एवढेच लिहावे. या दोन शब्दांत कमीपणा कसला? उलट पुढच्या वाचकाला तिथे भर घालायला जागा राहते. रचलेली गोष्ट ती जागा बुजवून टाकते, कारण सगळे कळलेच आहे असे वाटल्यावर कोणी कोणाला विचारत नाही.

आपल्याला ज्याचा सर्वांत अभिमान आहे, त्या फोटोकडेही याच नजरेने पाहायला हवे. तीन तरुणी बसल्या आहेत: आनंदीबाई जोशी, जपानची केई ओकामी आणि दमास्कसची साबात इस्लामबूली. पेनसिल्व्हेनियातल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाचा हा फोटो, तारीख १० ऑक्टोबर १८८५. आपल्याकडे ओळ असते, 'आपापल्या देशांतल्या पहिल्या स्त्री डॉक्टर.' फोटोवर छापलेल्या ओळीतही तिघींच्या नावांमागे 'डॉक्टर' आहे, म्हणजे ती ओळही नंतरची. त्या दिवशी यांतली एकही डॉक्टर नव्हती. आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये, ओकामींना १८८९ मध्ये, इस्लामबूलींना १८९० मध्ये. जपानमध्ये ओगिनो गिन्को यांनी १८८५ मध्येच डॉक्टरीचा परवाना मिळवला होता. इकडे कलकत्त्यात कादंबिनी गांगुलींनी १८८६ मध्येच वैद्यकीय शिक्षण पुरे केले. यातल्या कशानेही आनंदीबाई तसूभर लहान होत नाहीत. फोटोत दिसते ती वीस वर्षांची विद्यार्थिनी आहे, घरापासून हजारो मैलांवर. परीक्षा अजून व्हायची आहे. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातली नेमणूक पुढे तिला मिळेल, पण तिथे काम करायला ती उरणार नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात तिचा मृत्यू होईल. 'पहिली' हे बिरुद चिकटवले की ही मुलगी दिसेनाशी होते. शेजारच्या दोघी तर आपल्या फोटोओळींत अनेकदा फक्त 'मैत्रिणी' असतात. त्यांनाही स्वतःची नावे, गावे आणि आयुष्ये होती.

आता तर यंत्राला सांगून जुना दिसणारा फोटो पाच मिनिटांत तयार करता येतो. फिकट तपकिरी रंग, कडा झिजलेल्या, डोळ्यांत करुणा. झाशीच्या राणीचा म्हणून फिरणाऱ्या एकाही फोटोला आजवर खात्रीचा पुरावा मिळालेला नाही, तरी ते फोटो थांबलेले नाहीत. यापुढे तर असे हवे तेवढे बनतील. 'भावना महत्त्वाची, तपशील नाही' हे तत्त्व ज्यांनी मान्य केले आहे, त्यांच्याजवळ या यंत्राला नाही म्हणण्यासाठी एकही कारण शिल्लक राहत नाही. रडवायचेच असेल तर यंत्र जास्त चांगले रडवील. खऱ्या फोटोचे बळ एवढेच आहे की अमुक माणूस अमुक दिवशी अमुक ठिकाणी खरोखर कॅमेऱ्यासमोर होता. ते एकदा आपण सोडून दिले की आपल्या हातात कागद उरतो.

म्हणून १९४३ बद्दल लिहायचे असेल त्यांनी हूपरला बाजूला ठेवावे. १९४३ चे स्वतःचे साक्षीदार आहेत. 'द स्टेट्समन'चे संपादक इयान स्टीफन्स यांनी ऑगस्ट १९४३ मध्ये कलकत्त्याच्या रस्त्यांवरचे फोटो छापले, तेव्हा कुठे बाहेरच्यांना खरी परिस्थिती कळली. कम्युनिस्ट पक्षाचे पी. सी. जोशी, छायाचित्रकार सुनील जाना आणि चित्रकार चित्तप्रसाद उपाशी बंगालमध्ये फिरले. जानांचे फोटो मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर'मध्ये आले. चित्तप्रसादांच्या 'हंग्री बेंगॉल' या पुस्तिकेच्या प्रती सरकारने जप्त करून नष्ट केल्या. त्याच पक्षाचे 'लोकयुद्ध' मराठीतून निघत होते, आणि अण्णा भाऊ साठ्यांनी 'बंगालची हाक' हा पोवाडा रचला, म्हणजे त्या काळच्या मुंबईतल्या गिरणी कामगाराला बंगालचा दुष्काळ कोणाचा आणि कधीचा हे नीट माहीत होते. हे सगळे आज मिळवता येते, पाहता येते, छापता येते. ज्या संपादकांनी आणि प्रकाशकांनी हूपरचा फोटो १९४३ च्या ओळीसह छापला आहे, त्यांनी पुढच्या आवृत्तीत तिथे जानांचा फोटो घ्यावा, आणि हूपरचा छापायचाच असेल तर खाली लिहावे: मद्रास इलाखा, १८७६-७८, छायाचित्रकार डब्ल्यू. डब्ल्यू. हूपर, माणसांची नावे नोंदलेली नाहीत.